चुंबक नेमके काय मोजतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात समस्थानिकांविषयी (एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंविषयी) लिहिताना ‘चुंबकाच्या साहाय्याने अणूंचे वस्तुमान मोजता येते’ असे एक वाक्य या सदरात आले होते. ते फार घाईने लिहिले गेले, हे त्यावर आलेल्या पत्रांवरून लक्षात आले. त्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. असे वस्तुमान ज्या उपकरणाने मोजतात त्याला प्रयोगशाळांत मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात; पुढे ‘उपकरण’ म्हटले आहे ते हेच.

प्रश्न : लोखंड चुंबकाकडे ओढले जाते, नायट्रोजन किंवा ऑक्सिजन तसे ओढले जाताना दिसत नाहीत. मग चुंबक या वायूंना एकमेकांपासून वेगळे कसे करतो, आणि त्यात वस्तुमानाचा संबंध कुठे येतो?

लोखंडाचे ओढले जाणे या उपकरणात कामाला येत नाही. येथे उपयोग होतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा : विद्युतप्रभार असलेला कण चुंबकी क्षेत्रातून जाऊ लागला, की त्याच्यावर त्याच्या गतीच्या दिशेला लंब असे बल लागते. शाळेत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकताना तारेतून वाहणाऱ्या विद्युतधारेवर जे बल आपण दाखवतो, तेच हे बल. फरक इतकाच, की येथे तार नाही. एकटा कण निर्वात पोकळीतून धावत आहे. बल सतत गतीला लंब राहिल्यामुळे कणाचा वेग कमी होत नाही की वाढत नाही, त्याची दिशा मात्र क्षणोक्षणी वळत राहते आणि तो वर्तुळाकार वाटेने जातो.

म्हणून पहिले काम म्हणजे वायूच्या रेणूला प्रभार देणे. आयन स्रोत नावाच्या छोट्या कोठीत तापलेल्या तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन, बहुधा ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, रेणूंवर आदळवले जातात. काही रेणूंतून एक इलेक्ट्रॉन उडून जातो आणि धनप्रभारित आयन उरतो. मग या आयनांना काही हजार व्होल्टच्या विभवांतरातून पुढे लोटले जाते. विभवांतर ५००० व्होल्ट असेल, तर एकेरी प्रभाराच्या प्रत्येक आयनाला, तो हलका असो वा जड, ५००० इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकीच गतिज ऊर्जा मिळते. ऊर्जा सारखी असली तरी वेग सारखा नसतो. नायट्रोजनचा २८ वस्तुमानाचा आयन सेकंदाला सुमारे १८५ किलोमीटर वेगाने निघतो, तर ऑक्सिजनचा ३२ चा आयन सुमारे १७४ किलोमीटर वेगाने.

आता चुंबक. वर्तुळाची त्रिज्या म्हणजे कणाच्या संवेगाला (वस्तुमान गुणिले वेग) त्याचा प्रभार आणि चुंबकी क्षेत्र यांच्या गुणाकाराने भागून येणारी राशी. या सूत्रात वस्तुमान स्वतंत्रपणे कुठेच नाही. ते संवेगाच्या आत दडलेले आहे. मागील अंकातील माझे वाक्य याच जागी चुकले होते. चुंबक वस्तुमान ओळखत नाही, तो संवेग ओळखतो. सर्व आयनांना आधी समान ऊर्जा दिलेली असते, म्हणूनच संवेगावरून वस्तुमान काढता येते, आणि तो संबंध वर्गमुळाचा असतो : वस्तुमान चौपट झाले तर त्रिज्या दुप्पट होते.

आकडे घालून पाहू. आयनांची वाट २५ सेंटिमीटर त्रिज्येची आखलेली आहे आणि विभवांतर ५००० व्होल्ट आहे असे धरले, तर नायट्रोजनचा आयन त्या वाटेने नेण्यासाठी ०.२१५५ टेस्ला क्षेत्र लागते. हे पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राच्या सुमारे ४००० पट आहे. त्याच क्षेत्रात ऑक्सिजनचा आयन २६.७ सेंटिमीटर त्रिज्येने वळतो आणि बाहेरच्या भिंतीवर आपटून संपतो. ऑक्सिजन हवा असेल तर क्षेत्र ०.२३०४ टेस्लापर्यंत वाढवावे लागते, मग नायट्रोजन आतल्या भिंतीवर जातो. अशा रीतीने क्षेत्र हळूहळू वाढवत नेले, की एकेक वस्तुमानाचे आयन शेवटच्या फटीतून पार होतात आणि त्यांची नोंद शिखरांच्या रूपाने उमटते.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. मोजले जाते ते वस्तुमान भागिले प्रभार. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ४० वस्तुमानाचा आरगॉन २० च्या जागी दिसतो, आणि निऑनचा मुख्य समस्थानिकही तेथेच असतो. जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ मध्ये निऑनच्या नमुन्यात २० च्या शेजारी २२ ची रेषा दिसली, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण उभी राहिली, कारण दुहेरी प्रभाराचा कार्बन डायऑक्साइडही २२ वरच येतो. त्यांनी वायू द्रवरूप हवेने थंड केलेल्या नळीतून नेऊन कार्बन डायऑक्साइड काढून टाकला; एकेरी प्रभाराच्या कार्बन डायऑक्साइडची ४४ ची रेषा फिकट झाली, २२ ची तशीच राहिली. थॉमसन यांच्या उपकरणाची रचना आजच्यापेक्षा वेगळी होती, परंतु शंका घेण्याची आणि ती प्रयोगाने फेडण्याची ही रीत आजही जशीच्या तशी उपयोगी पडते.

प्रश्न : सर्व आयनांना समान ऊर्जा मिळते असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तसे होत असेल का? आणि सगळे आयन एकाच दिशेने निघत नसतील, तर शिखर पसरट होणार नाही का?

हा या पत्रांमधील सर्वांत मर्माचा प्रश्न आहे, आणि या उपकरणाचा अर्धा इतिहास याच दोन दोषांशी झगडण्याचा आहे.

आधी दिशेचा दोष घेऊ. फटीतून निघणारी आयनांची धार किंचित फाकलेली असते. सुदैव असे, की चुंबकी क्षेत्र हा दोष बऱ्याच अंशी स्वतःच दुरुस्त करते. एकाच बिंदूतून, एकाच वेगाने, पण थोड्या वेगळ्या दिशांनी निघालेले आयन सारख्याच त्रिज्येची वर्तुळे काढतात, आणि अर्धे वर्तुळ पूर्ण झाल्यावर ती वर्तुळे जवळजवळ एकाच जागी येऊन मिळतात. कंपासने एकाच बिंदूतून जाणारी, समान त्रिज्येची पण केंद्रे थोडी सरकवलेली तीन वर्तुळे काढून पाहिली, तर हे कागदावरच दिसते. आर्थर डेम्पस्टर यांनी १९१८ मध्ये शिकागो विद्यापीठात याच तत्त्वावर १८० अंश वळणाचे उपकरण बांधले. त्यात स्रोत आणि संग्राहक (आयन जेथे गोळा करून मोजतात तो भाग) दोन्ही चुंबकाच्या पोटात ठेवावे लागत. पुढे असे लक्षात आले, की वर्तुळाचा केवळ एक तुकडा पुरतो. मात्र स्रोताची फट, वळणाचे केंद्र आणि संग्राहकाची फट ही तिन्ही एका सरळ रेषेत यायला हवीत. या तुकड्यालाच सेक्टर म्हणतात. आल्फ्रेड नीर यांनी १९४० मध्ये ६० अंशांचा सेक्टर वापरला, आणि त्यामुळे चुंबक पुष्कळ लहान व हलका झाला. ६० अंशांच्या सममित मांडणीत स्रोत आणि संग्राहक चुंबकाच्या कडेपासून त्रिज्येच्या १.७३ पट अंतरावर येतात. आपल्या २५ सेंटिमीटरच्या उदाहरणात सुमारे ४३ सेंटिमीटर. स्रोत चुंबकाबाहेर आल्यामुळे तो उघडणे, बदलणे, तापवणे सोपे झाले.

ऊर्जेचा दोष चुंबक दुरुस्त करत नाही. आयन स्रोताच्या कोठीत कोणता आयन नेमका कोठे जन्मला यावर त्याला मिळणारे विभवांतर थोडे बदलते, शिवाय रेणूंची मूळची उष्णतेची हालचाल असतेच. समजा, ५००० मध्ये ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक आहे, म्हणजे हजारात एक. चुंबकाला संवेगच कळत असल्यामुळे तो या फरकाला वस्तुमानातील हजारात एक फरक समजतो. मग कितीही चांगला चुंबक असला, तरी हजारात एकाहून बारीक भेद त्याला दिसणार नाही.

उपाय म्हणजे वाटेत विद्युत सेक्टर घालणे : वक्र आकाराच्या दोन समांतर धातूपट्ट्या, एकीवर धन आणि दुसरीवर ऋण विभव. या पट्ट्यांमधून जाणाऱ्या आयनाची त्रिज्या केवळ त्याच्या ऊर्जेवर अवलंबून असते, वस्तुमानावर मुळीच नाही. म्हणजे विद्युत सेक्टर ऊर्जा ओळखतो आणि चुंबक संवेग ओळखतो. दोन्ही ठाऊक झाल्यावर वस्तुमान लपून राहू शकत नाही. अर्थात, विद्युत सेक्टरने फक्त नको त्या ऊर्जेचे आयन गाळून टाकले, तर हाती फार थोडे आयन उरतील. म्हणून दोन सेक्टरांची मापे अशी निवडतात, की विद्युत सेक्टरने ऊर्जेनुसार जितके पांगवले तितकेच चुंबकाने पुन्हा एकत्र आणावे. याला दुहेरी केंद्रीकरण म्हणतात. फ्रान्सिस ॲस्टन यांच्या १९१९ च्या उपकरणात वेगांचे केंद्रीकरण होते पण दिशांचे नव्हते. डेम्पस्टर यांच्या उपकरणात नेमके उलट होते. दोन्ही एकत्र आणणाऱ्या मांडण्यांत १९३४ ची माटाउख आणि हेर्झोग यांची, तसेच १९५३ ची नीर आणि जॉन्सन यांची मांडणी सर्वाधिक परिचित आहे. ॲस्टन यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेल; डेम्पस्टर यांचे नाव त्या मानाने फार कमी घेतले जाते, आणि ते अधिक घेतले जावे असे मला मनापासून वाटते. युरेनियम-२३५ या समस्थानिकाचा शोध १९३५ मध्ये त्यांनीच लावला.

प्रश्न : उपकरणात इतका कडक निर्वात का लागतो?

आयनाला वाटेत कोणी भेटू नये म्हणून. साध्या हवेत रेणू दोन टकरींच्या दरम्यान सरासरी ०.०७ मायक्रोमीटर इतकेच अंतर कापतो. वरच्या उदाहरणातील वाट मात्र एक मीटरहून थोडी अधिक आहे. दाब एका मिलिबारच्या दहा लाखाव्या भागापर्यंत उतरवला, की हेच सरासरी अंतर अनेक मीटर होते आणि बहुतेक आयन निर्विघ्न पोहोचतात. काटेकोर कामासाठी दाब याहूनही बराच खाली नेतात, कारण थोड्याशा टकरींमुळेही मोठ्या शिखराच्या पायथ्याशी एक शेपूट पसरते आणि शेजारचे लहान शिखर त्यात बुडते.

प्रश्न : नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड या दोहोंचे वस्तुमान २८ आहे. मग उपकरण त्यांच्यात भेद कसा करते?

दोहोंचे वस्तुमान २८ च्या जवळ आहे, नेमके २८ नाही. नायट्रोजनच्या रेणूचे २८.००६१ आणि कार्बन मोनॉक्साइडचे २७.९९४९ डाल्टन (डाल्टन हे अणूंच्या वस्तुमानाचे एकक), इथिलीनचे २८.०३१३. हा फरक अणुकेंद्रातील बंधनऊर्जेमुळे पडतो. पहिल्या दोहोंतील अंतर ०.०११२ आहे, तेव्हा २८ ला त्याने भागले असता उत्तर २५०० येते. याला लागणारी विभेदन क्षमता, म्हणजे जवळजवळची दोन वस्तुमाने वेगळी दाखवण्याची ताकद, म्हणतात. आधीच्या उत्तरात पाहिले, की केवळ चुंबकाचे उपकरण सुमारे १००० वर अडू शकते. म्हणून येथे विद्युत सेक्टरची जोड आवश्यक ठरते.

विभेदन वाढवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे फटी अरुंद करणे. त्याची किंमत आयनांच्या संख्येत मोजावी लागते : फट जितकी बारीक, तितके कमी आयन पार होतात. नमुना पुरेसा आहे की अत्यल्प, हे पाहून फट ठरवावी लागते. डायॉक्सिन या विषारी संयुगांच्या तपासणीत ३२१.८९३६ अशा वस्तुमानाचे शिखर इतर असंख्य संयुगांच्या गर्दीतून वेगळे काढावे लागते आणि त्यासाठी १०,००० विभेदन क्षमता ठेवण्याची प्रथा आहे. चांगले दुहेरी केंद्रीकरणाचे उपकरण ती सहज देते.

परंतु काही भेद या मार्गाच्या आवाक्याबाहेर आहेत. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांच्या वस्तुमानांतील अंतर केवळ ०.०००३ डाल्टन आहे. त्यासाठी जवळपास २ लाख ९० हजार विभेदन क्षमता हवी. खडकांचे वय काढताना हे दोघे नेहमी बरोबर असतात. तेथे उपकरणावर विसंबून राहता येत नाही. नमुना विरघळवून, आयन-विनिमय स्तंभातून नेऊन, स्ट्रॉन्शियम आधी रासायनिक रीतीने वेगळे करावे लागते. भौतिकशास्त्राच्या उपकरणाची अचूकता अखेर रसायनशास्त्राच्या संयमी हातकामावर उभी असते, ही गोष्ट या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने आदराने लक्षात ठेवावी अशी आहे.

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे. टोल्युइनच्या एका जुन्या आलेखात ४६.४ वर एक बुटके, पसरट शिखर दिसले. अपूर्णांकी वस्तुमानाचा आयन कसा असू शकेल?

४६.४ वस्तुमानाचा कोणताही आयन तेथे नाही. हे शिखर म्हणजे चुंबकाला संवेगच कळतो याचा अत्यंत सुंदर पुरावा आहे, आणि आपण ते बारकाईने पाहिलेत याचा मला आनंद वाटला.

टोल्युइनपासून ९१ वस्तुमानाचा आयन मुबलक तयार होतो. त्यातील काही आयन स्रोतातून धडधाकट बाहेर पडतात, पण काही मायक्रोसेकंदांच्या प्रवासात, चुंबकात शिरण्याच्या आधीच, फुटतात आणि ६५ चा तुकडा उरतो. हा तुकडा ९१ च्या वेगानेच पुढे जातो, कारण त्याला स्वतंत्रपणे विभवांतर मिळालेलेच नाही. त्याचा संवेग म्हणजे ६५ गुणिले ९१ च्या आयनाचा वेग. हा संवेग स्रोतातच जन्मलेल्या ६५ च्या आयनापेक्षा कमी असतो. चुंबक एवढेच पाहतो, आणि ज्या वस्तुमानाच्या साध्या आयनाचा संवेग इतका असता त्या जागी त्याला नेऊन ठेवतो. हिशेब केल्यास ती जागा तुकड्याच्या वस्तुमानाचा वर्ग भागिले मूळ आयनाचे वस्तुमान अशी येते : ६५ चा वर्ग ४२२५, त्याला ९१ ने भागले की ४६.४३.

शिखर पसरट असते, कारण फुटताना थोडी ऊर्जा मोकळी होते आणि तुकड्यांना पुढे-मागे ढकलते. अशा आयनांना अर्धस्थिर आयन म्हणतात. त्यांच्यामुळे कोणत्या आयनातून कोणता तुकडा निघाला हे ठामपणे सांगता येते, म्हणून संरचना ठरवताना जुने रसायनशास्त्रज्ञ त्यांना फार जपत. ज्या उपकरणात विद्युत सेक्टर चुंबकाच्या आधी असतो, तेथे विद्युत सेक्टरच्याही आधी फुटलेला हा तुकडा नेहमीच्या आलेखात दिसत नाही. त्याच्याजवळ मूळ ऊर्जेचा ६५ भागिले ९१, म्हणजे सुमारे ७१ टक्केच भाग उरलेला असतो आणि विद्युत सेक्टर त्याला पुढे जाऊ देत नाही.

प्रश्न : आज चतुर्ध्रुवी, उड्डाणकालावर आधारित आणि इतर नवी उपकरणे उपलब्ध आहेत. ती लहान आहेत, वेगवान आहेत. मग जड चुंबकाचे उपकरण कोणी कशासाठी ठेवावे?

पुष्कळ कामांसाठी ते ठेवू नये, हे आधी स्पष्ट सांगतो. चुंबकाच्या लोखंडाला क्षेत्राची मर्यादा असते. १.५ टेस्ला क्षेत्र, २५ सेंटिमीटर त्रिज्या आणि ५००० व्होल्ट घेतले, तर एकेरी प्रभाराचा सुमारे १३५० डाल्टनचाच आयन वळवता येतो; प्रथिनांसाठी हे अपुरे आहे. त्रिज्या वाढवली तर चुंबक अवाढव्य होतो, विभवांतर कमी केले तर संवेदनशीलता आणि विभेदन दोन्ही घटतात. शिवाय चुंबकाला स्मृती असते : क्षेत्र वाढवत एखाद्या मूल्यावर आणले की कमी करत आणले, यावर प्रत्यक्ष क्षेत्र थोडे बदलते. म्हणून नेहमी एकाच बाजूने जावे लागते, मध्ये स्थिरावण्यासाठी थांबावे लागते. थोड्या अंतरावरच्या शिखरांमध्ये ये-जा करायची असेल, तर चुंबक तसाच ठेवून विभवांतर बदलणे बरे पडते.

मात्र समस्थानिकांचे गुणोत्तर दहा हजारात एक किंवा त्याहून बारीक अचूकतेने हवे असेल, तर चुंबकाला तोड नाही. याचे कारण शिखराच्या आकारात आहे. संग्राहकाची फट आयनांच्या धारेपेक्षा रुंद ठेवली, की धार फटीत पूर्णपणे शिरल्यावर काही काळ नोंद बदलतच नाही आणि शिखराचा माथा सपाट येतो. क्षेत्र किंवा विभवांतर किंचित हलले, तरी धार फटीतच राहते आणि मोजमाप हलत नाही. टोकदार शिखरात ही सोय नसते. किंचित सरकले की उंची बदलते.

दुसरे कारण असे, की चुंबक निरनिराळ्या वस्तुमानांना एकाच वेळी निरनिराळ्या जागी नेतो, त्यामुळे प्रत्येक जागी स्वतंत्र संग्राहक ठेवता येतो. कार्बन डायऑक्साइडसाठी ४४, ४५ आणि ४६ असे तीन फॅराडे पेले शेजारी शेजारी बसवतात. स्रोतातून येणारी धारा कमीजास्त झाली, तर ती तिन्ही पेल्यांत एकाच वेळी कमीजास्त होते आणि गुणोत्तर तेच राहते. फॅराडे पेला म्हणजे साधा खोल धातूचा डबा. आयन त्यात पडतो आणि आपला प्रभार देतो. एक पिकोॲम्पियर धारा म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन, आणि ती १०० अब्ज ओहमच्या रोधातून नेली की ०.१ व्होल्ट मिळतात. येथेही एक बारकावा आहे. जोराने आदळणारा आयन पेल्याच्या धातूतून इलेक्ट्रॉन उडवतो. हा इलेक्ट्रॉन बाहेर निसटला तर एक धनप्रभार जास्त मोजला जातो. म्हणून पेल्याच्या तोंडाशी ऋण विभवाची पट्टी ठेवून त्या इलेक्ट्रॉनांना परत आत लोटतात. पट्टीचे हे विभव उतरले, तर गुणोत्तर चुकते पण आलेख देखणाच दिसत राहतो, आणि म्हणून रोजच्या कामाआधी ते विभव तपासण्याची सवय मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी लावतो.

फॅराडे पेल्यालाही न जाणवणारी धारा असेल, तर इलेक्ट्रॉन गुणक (एका आयनाच्या आघातातून इलेक्ट्रॉनांचा लोंढा निर्माण करणारा भाग) लावून एकेक आयन मोजता येतो. गळती शोधणारी हेलियमची यंत्रे तर याच तत्त्वाचे सर्वांत साधे रूप आहेत : त्यांतील अनेकांत एक लहानसा कायम चुंबक असतो, विभवांतर ४ या वस्तुमानासाठी बसवून ठेवलेले असते, आणि निर्वात कोठीच्या सांध्यांवरून बाहेरून हेलियमचा फवारा फिरवत गेले, की ज्या सांध्याशी काटा हलतो तेथे गळती असते.